सील नसलेली फाइल

औषधांच्या शीतगोदामात तिला सगळे सीलबाई म्हणत, आणि त्या नावात माया अजिबात नव्हती. अकरा वर्षं ती माल उतरवायच्या दारात उभी राहिली. इन्सुलिनचं, लशींचं प्रत्येक खोकं तिच्या हाताखालूनच आत जायचं. खोक्यावरची पट्टी ती नखानं दाबून बघायची, क्रमांक कागदाशी ताडायची आणि पट्टीची एक कड जरी सुटलेली दिसली तरी खोकं परत करायची. ड्रायव्हर आधी विनवण्या करत, मग शिव्या देत. ही ढिम्म. "पट्टी सुटली म्हणजे आत हात गेला. नसेलही गेला. पण मला ते कसं कळणार?" यापुढे ती एक शब्द बोलायची नाही.

मग तिचा गुडघा गेला. उभं राहणं होईना, तेव्हा तिनं कामानंतरच्या वर्गात जाऊन संगणक शिकून घेतला आणि गोदामातल्या यंत्रखोलीत बसायला आली. खोली कसली, जिन्याखालचं खबदाड. आत तीन संगणक, एक लंगडी खुर्ची. थंड खोल्यांचं तापमान हे तीन संगणक सांभाळत. शीतयंत्राचा मेकॅनिक दुसऱ्या गावी राहायचा. काही बिघडलं की तो तिकडूनच 'रिमोट' प्रोग्रॅममधून आत यायचा. इकडचा पडदा त्याला तिकडे दिसायचा, आणि हिच्यासमोरचा बाण आपला आपण फिरू लागायचा.

हा प्रोग्रॅम गोदामाला विकला होता तिच्या सख्ख्या दिरानं. त्याचा धंदाच तो. राहायचाही त्याच घरात, वरच्या मजल्यावर. खुर्चीवरच्या कामासाठी व्यवस्थापकाकडे शब्दही त्यानंच टाकला होता, आणि ते तो महिन्यातून एकदा तरी ऐकवायचाच.

एका सकाळी बाहेर रस्ता खणणाऱ्यांनी केबल दुखावली. इंटरनेटची लाइन येत होती, जात होती. नेमका त्याच वेळी रिमोट आपली नवी आवृत्ती उतरवून घेत होता. फाइल अर्धीच आली. त्या पठ्ठ्यानं अर्धी तर अर्धी, तीच बसवून घेतली आणि आडवा झाला. तिन्ही पडदे काळे. दीर आला, त्यानं प्रोग्रॅम नव्यानं टाकला.

"लाइन खराब होती, वहिनी. दुसरं काही नाही."

"पण भाऊजी, अर्धी फाइल त्यानं घेतलीच कशी?"

"मशीन आहे ते. तुमचं खोकं नाही."

दीर निघून गेला, पण हिच्या डोक्यातून ते जाईना. पुरी आली की अर्धी हे जो बघत नाही, तो खरी आली की खोटी हे तरी कशाला बघेल? तिनं भंगारातून एक जुना संगणक उचलून आणला, त्यावर रिमोट टाकला. त्याला बाहेरची वायर मुद्दामच जोडली नाही. त्याच संगणकाच्या एका कोपऱ्याला तिनं रिमोट बनवणाऱ्या कंपनीच्या पत्त्याचं नाव देऊन टाकलं, म्हणजे रिमोटला वाटावं की आपण नेहमीच्याच ठिकाणी नवी आवृत्ती मागतोय. तिथं खऱ्या फाइलच्या नावानं स्वतः लिहिलेली चार ओळींची फाइल ठेवली. ती चालली तर पडद्यावर एकच वाक्य उमटणार होतं: 'मी कोणीही आहे.'

जेवणाच्या सुटीत तिनं रिमोट सुरू केला. कोण, कुठून, कुणाच्या सहीनं, काही न विचारता त्यानं ती फाइल घेतली आणि चालवली. आणि रिमोटला संगणकावर मालकाइतकेच अधिकार दिलेले होते, त्यामुळे त्या परक्या फाइललाही तेच मिळाले. वाक्य उमटलं. डबा तसाच बंद राहिला.

तिनं दोन पानी अहवाल लिहिला, पण त्याआधी आपल्या तीन संगणकांचा बंदोबस्त केला. आपोआप नवी आवृत्ती घेणं बंद. रिमोटचे अधिकार कमी केले. बघ, बाण हलव, पण नवं काही बसवू नको. यादीत नाव असलेलेच प्रोग्रॅम चालतील, बाकीच्यांना मज्जाव. मेकॅनिकनं आधी फोन करायचा, मग ती दार उघडणार, तेही फक्त त्याच्याच मशीनसाठी आणि मधे कुणाला डोकावता येणार नाही अशा कुलूपबंद वाटेनं. नवी आवृत्ती आलीच तर आधी भंगारातल्या संगणकावर. प्रत्येक फाइलचा हिशेब करून चौसष्ट अंक-अक्षरांचा एक ठसा निघतो. फाइलमधलं एक अक्षर बदललं तरी ठसा पार बदलतो. खरा ठसा कंपनीला फोन करून विचारायचा, आलेल्या फाइलचा आपण काढायचा, आणि जुळले तरच फाइल आत. "फाइल एका रस्त्यानं, ठसा दुसऱ्या रस्त्यानं," तिनं अहवालात लिहिलं. "चोर दोन्ही रस्त्यांवर एकदम उभा राहणं अवघड."

व्यवस्थापकानं तिला बोलावलं तेव्हा दीर आधीच तिथं बसलेला होता. अहवाल त्याच्या मांडीवर.

"हे तुम्हाला कुणी करायला सांगितलं होतं?" व्यवस्थापकानं विचारलं.

"कुणी नाही."

"मग कशाला नाक खुपसता?"

"दारातसुद्धा मला कुणी पट्टी दाबून बघायला सांगितलं नव्हतं, साहेब."

दीर हसला, पण डोळे हसत नव्हते. "साहेब, शेकडो ठिकाणी चालतोय हा प्रोग्रॅम. एवढ्या लोकांना अक्कल नाही आणि आमच्या वहिनींना तेवढी आहे! उंटावरून शेळ्या हाकायच्या त्यांना."

"तुम्ही कंपनीला विचारा ना, भाऊजी. फाइलवर त्यांची डिजिटल सही आहे का, आणि असली तर हा रिमोट ती बघतो का."

"तुमच्यासमोर कंपनीनं उत्तरं द्यायची?"

व्यवस्थापकानं निकाल दिला: सगळं पहिल्यासारखं करा. ती म्हणाली, "करते. लेखी द्या."

व्यवस्थापकानं पेन उचललं, झाकण काढलं, परत लावलं. लेखी दिलं म्हणजे उद्याची जबाबदारी त्याच्या नावावर. "निघा तुम्ही," तो म्हणाला. लेखी हुकूम काही आला नाही, आणि तिनंही काही बदललं नाही. आला तो ताकीदनामा, पुरवठादाराच्या बदनामीबद्दल. तिच्या खोलीत चहा यायचा बंद झाला. लंगडी खुर्ची दुरुस्तीला म्हणून नेली आणि तिच्या जागी बिनपाठीचं स्टूल आलं. गुडघ्याचं सगळ्यांना ठाऊक होतं.

घरी त्याहून वाईट. जाऊ जिन्यातच आडवी आली. "सख्ख्या दिराच्या पोटावर पाय देता? झोप तरी कशी लागते तुम्हाला?"

"चांगली लागते."

सासूबाईंनी तोंड फिरवलं. नवऱ्याकडे तिनं आशेनं बघितलं, तर तो म्हणाला, "आपलेच दात, आपलेच ओठ. मी कुणाची बाजू घेऊ?" ती चिडून म्हणाली, "माझी." तो उठून बाहेर गेला. त्या दिवसापासून तिनं घरात कामापुरतंच तोंड उघडायचं ठरवलं, आणि गोड बोलणं तिला तसंही कधी जमलं नव्हतं.

पाच आठवड्यांनी, एका मंगळवारी सकाळी, दिराचा फोन वाजू लागला तो थांबेना. कंपनी ज्या ठिकाणी नवी आवृत्ती ठेवायची तिथं कुणीतरी शिरलं होतं आणि खऱ्या फाइलच्या जागी आपली ठेवून गेलं होतं. दिराच्या अकरा गिऱ्हाइकांकडे रिमोटनं ती मुकाट्यानं घेतली. संगणक अडकून पडले. मासळीच्या एका शीतगृहात पंखे बंद पडले आणि दुपारपर्यंत वास रस्त्यावर आला. एका औषधवाल्याच्या लशी गेल्या. सीलबाईचे तीन संगणक मात्र जुन्याच आवृत्तीवर चालू होते, जसं काही झालंच नाही.

कुणी शाबास म्हणेल असं तिला वाटलं नव्हतं. पण पुढं जे झालं तेही वाटलं नव्हतं. दुपारी व्यवस्थापक दोन तपास अधिकाऱ्यांना घेऊन जिन्याखाली आला, मागं दीर.

"हिचंच काम आहे," दीर म्हणाला. आज 'वहिनी' नव्हतं. "खोटी फाइल बनवल्याचं हिनं स्वतः लिहून दिलंय. अकरा ठिकाणं बुडाली आणि हिचंच तेवढं वाचलं!"

"मी लिहिलं होतं तेव्हा तुम्ही हसला होतात," ती म्हणाली.

"तोंड सांभाळा," व्यवस्थापक ओरडला.

भंगारातला संगणक त्यांनी नेला. दोन दिवस तिला फाटकाशी बसवून ठेवलं, आत सोडलं नाही. तिच्या हाताखालून गेलेले हमाल बघून न बघितल्यासारखं करत. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण संन्याशाला निदान राग तरी येत नसेल. ती दोन दिवस नुसती धुमसत होती. तिसऱ्या दिवशी त्या दोघांतला वयस्क अधिकारी तपासणीचा निकाल घेऊन आला. संगणकाला बाहेरची वायर कधी लागलीच नव्हती, तिच्या फाइलमध्ये त्या एका वाक्याशिवाय काही नव्हतं.

"यांचा अहवाल वाचला," तो व्यवस्थापकाला म्हणाला, तिच्यादेखत. "तारीखही बघितली. पाच आठवडे कुठं होता तो?"

माफी व्यवस्थापकानं मागितली नाही. ताकीदनामाही परत घेतला नाही, फक्त तो तिच्या नोकरीच्या कागदांतून नाहीसा झाला. खुर्ची मात्र दुरुस्त होऊन आली.

एका घराची दोन घरं झाली. वरच्यांनी बाहेरून लोखंडी जिना बांधून घेतला, जावेनं बोलणं टाकलं ते टाकलंच. नवरा दोन्हीकडे चहा प्यायचा आणि दोन्हीकडे मान हलवायचा. दिराची निम्म्याहून जास्त गिऱ्हाइकं गेली. त्याचं खापर त्यानं कंपनीवर फोडलं नाही, वहिनीवर फोडलं.

चार महिन्यांनी कंपनीनं नवी आवृत्ती काढली. आता रिमोट प्रत्येक फाइलवरची सही पडताळणार होता, जुळली नाही तर नाकारणार होता. ती बसवायला दिरालाच यावं लागलं. दारातच उभा राहिला.

"आता तरी घ्याल ना? सही तपासतो हा."

"तपासायला लागेल तो बसल्यावर. त्याला बसवायच्या आधी कोण तपासणार?" तिनं समोर कागद ठेवला. आदल्या दिवशी कंपनीला फोन लावून उतरवून घेतलेला ठसा. "तुमच्या फाइलचा पडद्यावर काढलाय. वाचा."

"चौसष्ट अक्षरं? मोठ्यानं?"

"माझा चष्मा जुना झालाय."

तो वाचू लागला. नऊ, एफ, चार, चार, बी. प्रत्येक अक्षर दगडासारखं टाकत होता. ती कागदावर एकेक टिंब देत होती. चाळिशीच्या पुढं कुठंतरी त्यानं 'डी'च्या जागी 'ई' म्हटलं. चुकून की मुद्दाम, ते त्याचं त्यालाच माहीत.

पेन्सिल थांबली. "काय म्हणालात?"

"डी. डी म्हणालो."

"ई म्हणालात. पुन्हा."

"कुठून?"

"पहिल्यापासून."

बाहेर ट्रक मागं घेत होते, कुणीतरी ड्रायव्हरला हाका मारत होतं. मग दात-ओठ खात तो पडद्याकडे वळला. नऊ. एफ. चार. चार. बी. या खेपेला चौसष्टच्या चौसष्ट जुळली.

"बसवा," ती म्हणाली.

त्यानं बसवलं, बॅग उचलली आणि निरोप न घेता निघून गेला. तिनं कागदावर तारीख घातली, खाली सही केली आणि नवी आवृत्ती बसली हे कळवायला मेकॅनिकला फोन लावला.