जिथे जिथे काकू टेकल्या

सगळी गल्ली त्यांना हलूनकाका म्हणायची. पासपोर्टच्या फोटोसाठी स्टुलावर बसलेल्या प्रत्येकाला त्यांनी जन्मभर एकच सांगितलं, हनुवटी वर, हलू नका. त्याला 'काका' कोणी चिकटवलं, कोण जाणे. माणूस बसला, फोटो निघाला, पुढचा या. वाट बघणं हा प्रकार त्यांच्या स्वभावातच नव्हता.

फोटोचं दुकान कायमचं बंद केल्यावर डॉक्टरांनी नवरा-बायको दोघांनाही रोज चालायला सांगितलं, काकांना साखरेसाठी आणि काकूंना गुडघ्यासाठी. काका गळ्यात कॅमेरा अडकवून निघायचे ते सुसाट. काकूंचं गाडं मात्र जागोजागी अडायचं. पाण्याच्या टाकीचा कठडा, बंद पडलेल्या बेकरीची पायरी, पुलाजवळचा बसका दगड, दिसली जागा की बाई टेकल्याच. काका निम्म्या रस्त्यातून परत यायचे आणि कुरकुरायचे, चालायला आलीयस की बसायला? मग नाइलाजाने शेजारी बसायचे, आणि बसल्या बसल्या करायचं काय, म्हणून कॅमेऱ्यातून इकडेतिकडे बघायचे.

त्या वेळकाढूपणातच सगळं सापडत गेलं. कठड्याच्या भेगेतून निघालेलं दोन पानांचं रोप. गळक्या नळाखाली साचलेल्या पाण्यात उलटं दिसणारं अख्खं झाड. कोळ्याच्या एका धाग्यावर लटकलेलं वाळकं पान, पडत नव्हतं आणि धड टिकतही नव्हतं. ते पान आधी काकूंना दिसलं होतं. "अहो, हे बघा बिचारं," एवढंच त्या म्हणाल्या होत्या. त्या फोटोसमोर नंतर लोक उगाच गप्प उभे राहायचे.

उभे राहायचे ते वाचनालयात. तिथल्या बाईंनी हौसेने भिंतीवर काकांचे फोटो लावले आणि चार माणसं जमवून त्यांना बोलायला सांगितलं. कोणीतरी विचारलं, रोजच्याच रस्त्यावर तुम्हाला हे सापडतं कसं? झालं, काका चढले हरभऱ्याच्या झाडावर.

"त्याला नजर लागते," ते म्हणाले. "आणि एकटेपणा लागतो. मी रोज एकटाच हिंडतो. सोबत कोणी असलं की निसर्ग बोलत नाही."

टाळ्या पडल्या. शेवटच्या रांगेत बसलेल्या काकूंनीही वाजवल्या.

घरी आल्यावर त्यांनी पानं वाढली, जेवण झालं, भांडी आवरली. दुसऱ्या दिवशी सकाळी काका बूट घालत होते, तेव्हा त्या आतूनच म्हणाल्या की आजपासून तुम्ही एकटेच जा, मी असले की तुमचा निसर्ग बोलत नाही ना. दुसरा कोणी असता तर त्याने तिथेच जीभ चावली असती. या गृहस्थांना, खोटं कशाला सांगू, सुटल्यासारखं वाटलं. आता कसं मनासारखं फिरता येईल!

फिरले की. टाकी, बेकरी, पूल, सगळं भराभर मागे टाकत फिरले. आणि हाती काय लागलं? तर झाडांचे पासपोर्ट फोटो. सरळ उभी, स्वच्छ उजेडातली, परदेशी जायला निघाल्यासारखी झाडं. वाचनालयातल्या बाई नवे फोटो मागत होत्या आणि काका आज देतो, उद्या देतो करत होते. दोष कधी ऋतूला, कधी लेन्सला, कधी रस्ता झाडणाऱ्यांना. असं करता करता वर्ष सरलं.

शेवटी एका दुपारी त्यांनी जुने फोटो पलंगावर पसरले. म्हटलं बघू तरी, तेव्हा आपण काय वेगळं करत होतो. काकू समोरच खुर्चीत होत्या, पाय दुकानातल्या त्या जुन्या स्टुलावर ठेवून. तिथूनच त्या सहज सांगायला लागल्या, हा टाकीचा कठडा, ही बेकरीची पायरी, या दिवशी गुडघा फार ठणकत होता बघा, उठवेचना.

काका एकेक फोटो उचलून बघत राहिले. सगळेच्या सगळे खालून घेतलेले होते, बसलेल्या माणसाच्या उंचीवरून. उभ्याने घेतलेला एकही नव्हता. नजर कसली नि एकटेपणा कसला, जिथे जिथे ही टेकली तिथे तिथे फोटो सापडला होता, आणि आपण चार लोकांत हिलाच पुसून टाकलं.

"उद्या येतेस?" त्यांनी विचारलं. "हळूहळू जाऊ. हवं तिथे बसू."

काकूंनी स्टुलावरच्या पायाकडे पाहिलं. चालणं सुटलं आणि गुडघा धरला तो धरलाच. आता खुर्ची ते पलंग, तेही भिंत धरून. जिना उतरणं तर विसराच, असं डॉक्टरांनी नुकतंच सांगितलं होतं.

"त्या दिवशी सकाळी नुसतं 'चल' म्हणाला असतात ना," त्या म्हणाल्या, "तरी आले असते हो."

काका काहीतरी बोलायला गेले. काकूंनी हातानेच थांबवलं आणि म्हणाल्या, ते राहू दे, फोटो गोळा करा, मला जरा पडायचंय.

त्यांनी फोटो गोळा केले, चादर झटकली आणि खांदा पुढे केला. काकू तो धरून उठल्या. दोन पावलं टाकली आणि मधेच थांबल्या. काकाही थांबले. त्या पुन्हा पाऊल उचलेपर्यंत ते तिथेच उभे राहिले, आणि या वेळी कुरकुरले नाहीत.