लायनरची पूड

नवरात्रात गॅरेजवाल्यांना मरायलाही फुरसत नसते. दसऱ्याला गाडीची पूजा, चाकांना झेंडूचे हार, म्हणून ज्याला त्याला चाकं चकाचक हवी असतात. वर्षभर रिमवर साचलेली काळी पूड लोकांना तेव्हाच दिसते. मग बाहेरून घासा, चाक काढा, ड्रम उघडा, ब्रेकच्या लायनरची झीज होऊन आत बसलेली पूड काढा. काढायची कशी? हवा मारून. कॉम्प्रेसरची नळी धरायची, बटण दाबायचं, फस्स! ड्रम साफ. आणि पूड गेली कुठे? समोर उकिडवं बसलेल्या माणसाच्या नाकात.

मुंबई नाक्याजवळच्या एका गॅरेजात तो माणूस माझा बाप होता. म्हणून एवढी तळमळ, असं कोणी म्हणेल. म्हणू दे. आमच्या घरी सकाळी नळाच्या आधी अण्णांचा खोकला यायचा.

आमचा कॉलेजातल्या पोरापोरींचा गट होता. आम्ही पत्रक काढलं. लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असतं, त्याचे तंतू छातीत रुततात ते निघत नाहीत. हवा मारू नका, ओल्या ब्रशने धुवा. गॅरेजांच्या फाटकांवर मी ते स्वतः वाटलं. अण्णांनी त्यांच्या वाट्याच्या पत्रकाने इंजिनातली ऑइल मोजायची काडी पुसली.

"ओला ड्रम ब्रेक धरत नाही, बाई," ते म्हणाले. "घाटात गाडी सुटली तर काय तुझं पत्रक आडवं घालू चाकाला?"

शेठचं म्हणणं आणखी सरळ होतं. "मिस्त्री, पोरीला आवरा. गिऱ्हाईक बिचकतंय. पुन्हा फाटकावर दिसली तर तुम्ही दुसरीकडे काम बघा." पूड कोणाच्या छातीत जाते याबद्दल शेठ एक शब्द बोलला नाही. ती त्याच्या छातीत जात नव्हती. तो काचेच्या केबिनमध्ये बसायचा.

खंडेनवमीला मी अण्णांचा डबा घेऊन गेले. हत्यारांची पूजा झालेली. गोणपाटावर पाने, हातोड्या, पक्कडी, सगळ्यांना हळदकुंकू. सगळ्यात मोठा हार कॉम्प्रेसरला. उद्या नारळ फुटेपर्यंत स्विचला कोणी हात लावायचा नाही, असं बजावून शेठ घरी गेला होता. अण्णा आणि त्यांच्या जोडीचे मिस्त्री, ज्यांना मी काका म्हणायचे, तेवढे दोघं मागे होते.

तेवढ्यात झेंडूच्या गोण्यांनी भरलेली जीप आत आली. सायखेड्याकडचा शेतकरी, शेजारी त्याची बायको, मागे गोण्यांवर तिचा धाकटा भाऊ.

"मिस्त्री, ब्रेक मारला का गाडी लय डावीकडं वढती. कसाऱ्याचा घाट उतरून कल्याणला जायचंय."

"आज हत्यार उचलत नाही भाऊ. उद्या या."

"उद्या येऊन काय करू? दसऱ्याच्या दुपारनंतर झेंडू गुरंबी खात नाय!"

बाई खाली उतरली. "दादा, वढती तशीच घेऊन जाऊ म्हणत्यात हे. तुमीच सांगा त्यांना, जाऊ का?"

अण्णा गोण्यांवर बसलेल्या त्या पोराकडे बघत राहिले. मग गोणपाटापाशी जाऊन त्यांनी हात जोडले आणि पाना उचलला.

"मिस्त्री, देवी बघतेय," काका म्हणाले.

"बघू दे. पाने माझे आहेत. कॉम्प्रेसर शेठचा, त्याला हात लावत नाही."

डावं चाक निघालं. ड्रममध्ये शेताची माती आणि लायनरची पूड यांची खरपुडी जमली होती. अण्णांचा हात सवयीने नळीकडे गेला आणि हाराशी थांबला. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"आण बादली. आता तुझंच खरं करू."

पाणी, ब्रश, पुन्हा पाणी. काळं पिठलं वाहत गेलं, हवेत काही उडालं नाही. दुसऱ्या बाजूलाही तेच. कोरड्या फडक्याने पुसलं, उन्हात ठेवलं, बसवलं. मी मनातून जिंकले होते. अण्णा स्टिअरिंगवर बसले, शेतकऱ्याला आणि त्या पोराला खाली थांबवलं आणि मला म्हणाले, "तू बस पुढे. पत्रक तू लिहिलंस ना?"

पांडवलेण्याच्या बाजूला उतार आहे. समोर उसाचा ट्रॅक्टर चालला होता. अण्णांनी ब्रेक दाबला आणि गाडी थांबली नाही. सरळ ट्रॅक्टरकडे चालली. त्यांचा दुसरा हात हँडब्रेकवर होता आणि ओठ मिटलेले. गोण्यांवरचं पोर, ती बाई, कसाऱ्याची वळणं, सगळं माझ्या एका ओळीवर चाललं होतं. अण्णांनी पाय उचलला, दाबला, उचलला, दाबला. गाडी धरायला लागली. मग एकदम जोरात, आणि जीप सरळ रेषेत उभी राहिली. मागचा झेंडू माझ्या मानेवर सांडला.

"पाणी राहिलं होतं थोडं. दाबून दाबून तापवलं की सुकतं," ते म्हणाले. "मगच गिऱ्हाईकाला द्यायची."

मला हायसं वाटायला हवं होतं. मला संताप आला. "हे तुम्हाला माहीत होतं? मग इतकी वर्षं हवा का मारली?"

"प्रत्येक गाडी अशी फिरवून आणायला वेळ कोण देतो?"

म्हणजे प्रश्न पाण्याचा नव्हताच. घाटाचाही नव्हता. जीप कसाऱ्याकडे गेली आणि आम्ही दोघं घरी आलो.

दसऱ्याला नारळ फुटला, कॉम्प्रेसर धडधडायला लागला, फाटकाबाहेर गाड्यांची रांग. "चला मिस्त्री, हवा मारा," शेठ म्हणाला. अण्णांनी बादली ओढली.

"हे काय? धोबीघाट काढलाय का?"

"धुऊन करणार. मग एक चक्कर मारून आणणार."

"आणि ही रांग?"

"रांग थांबेल. नाहीतर आत्ताच सांगा, पाने माझे आहेत, घेऊन निघतो."

मी फाटकाबाहेर उभी होते, हातात पत्रक नव्हतं. रांगेतली माणसं ऐकत होती. सणाच्या दिवशी मिस्त्री गेला तर ड्रम कोण उघडणार, हे शेठला कळत होतं. तो प्रसाद वाटायला वळला.

आणि शेजारच्या गाडीपाशी काकांनी बटण दाबलं. फस्स! करडा ढग उठला तो थेट अण्णांवर. अण्णा खोकले, खोकतच उठले, आणि मगभर पाणी काकांच्या ड्रमवर फेकलं. अर्धं काकांच्या शर्टवर.

"आयला, मिस्त्री! दसरा आहे, रंगपंचमी नाही!"

"तू तिकडे उडवतोस ते इकडे मी खातो. ब्रश घे."

काकांनी शेठकडे बघितलं. शेठ खोबऱ्याचे तुकडे करण्यात गुंतला होता, किंवा तसं दाखवत होता. काकांनी शिवी हासडली, नळी खाली टाकली आणि ब्रश मागायला हात पुढे केला.