आईचा हार्ड पेपरवरचा फोटो

राजरत्नकाकांकडे जायचं तर आधी फोन करावा लागतो. कुळगावच्या त्यांच्या घरातली मोरी हीच त्यांची डार्करूम. ते आत असले की घरातल्यांची आंघोळ बंद. "रिटायर झाले, पण मोरी सुटली नाही यांची," असं मायाकाकू प्रत्येक पाहुण्याला ऐकवतात आणि चहा मात्र आधी काकांनाच देतात.

उल्हासनगरातल्या एका स्टुडिओत काकांनी जन्मभर प्रिंट काढले. स्टुडिओ बंद झाला तेव्हा शेठ जुन्या निगेटिव्ह भंगारात घालत होते. काकांनी त्या पोत्यात भरून घरी आणल्या. परवा त्यातल्या एका पाकिटावर त्यांना माझ्या बाबांचं नाव दिसलं, आणि मला अंबरनाथहून बोलावणं आलं. "संध्या, भिंतीवरचा फोटो पण घेऊन ये," म्हणाले.

मी रांगत होते तेव्हा आई गेली. तिचा तेवढा एकच फोटो. त्यात ती गोरीपान, आणि मी चांगली काळी. "आई एवढी उजळ, ही कुणावर गेली गं?" हे शेजारच्या अंजनामावशींचं ठरलेलं वाक्य. त्या राहायला आल्या त्या आई गेल्यानंतर, पण मत द्यायला काय लागतं? बाबा म्हणायचे, "तू डिट्टो आईसारखी आहेस." मला वाटायचं, बापाचं मन, समजूत घालतंय. आता बाबाही नाहीत, विचारणार कुणाला?

काकांनी फोटो उजेडात धरला. "हा माझ्याच हातचा. हार्ड पेपर आहे. त्यावर उजेड कमी दिला की सावळा चेहरा पण पांढरा निघतो. तेव्हा सगळ्यांना गोरंच पाहिजे असायचं."

"म्हणजे आई..."

"फिल्ममध्ये सगळं आलंय. सॉफ्ट पेपर लावून बघू, त्यावर मधल्या छटा पण उतरतात."

त्यांनी कपाटातून एक पाकीट काढलं. सॉफ्ट कागद तेवढाच उरला होता. काकू लगेच म्हणाल्या, "अहो, तो नातवाच्या फोटोसाठी ठेवलाय ना?" मग माझ्याकडे बघून स्वतःच म्हणाल्या, "राहू द्या. त्याचे मोबाइलवर ढिगाने आहेत. हिच्याकडे एकच आहे."

मोरीत लाल दिवा लागला. पहिला प्रिंट फिका आला, काकांनी बाजूला टाकला. दुसऱ्याला उजेड जास्त दिला. ट्रेमध्ये आधी साडीचे काठ आले, मग डोळे, आणि मग हळूहळू गाल भरत गेले. काकांनी पांढरा दिवा लावला. पसरट नाक, जाड भुवया आणि माझाच रंग. मी तिथेच बादलीवर बसून रडले. काका प्रिंट धूत राहिले.

घरी येऊन मी तो बाबांच्या फोटोशेजारी लावला, हार घातला. संध्याकाळी अंजनामावशी आल्या आणि दारातच ओरडल्या, "अगं ए, जिवंतपणी स्वतःच्या फोटोला हार कशाला घातलास?"

मी काकांना फोन लावला आणि मावशींच्या हातात दिला. म्हटलं, "मावशी, हेच परत बोला. काकांना ऐकू दे."