गालावरचा गेरूचा ठिपका

भडगावहून शांताअक्काचा, नानांच्या थोरल्या लेकीचा, फोन आला तेव्हा मी भरताची वांगी भाजत होतो. "नाना गेले, भाऊ," एवढंच ती म्हणाली. वांग्यांचा कोळसा झाला... शेवटचं वर्षभर नानांना भरीत-भाकरीचा घास चावता आला नव्हता, हे त्या कोळशाकडे बघताना आठवलं आणि रडू यायच्या आधी शिसारी आली. कोणाची, ते सांगतो.

नाना म्हणजे आमचे भडगावच्या घराचे शेजारी, केळीवाले, आणि गिरणाकाठचे सर्वांत मजबूत दात. ऐंशीव्या वर्षी ते ऊस सोलायचे तेव्हा पलीकडच्या काठावरची कुत्री भुंकायची. गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांनी अडकित्ते भंगारात घातले, कारण सुपारी फोडायला नाना होते. यात एक कणही खोटं नाही. फार तर दोन असतील. पण त्यांच्या बागेचा नियम मात्र शंभर नंबरी खरा: तयार घडावर नाना स्वतः गेरूचा ठिपका लावत. ठिपका नसलेल्या घडाला कोणी विळा लावायचा नाही.

गेल्या वर्षी त्यांची खालची उजवी दाढ ठणकायला लागली. जळगावच्या एका चकचकीत दंत दवाखान्यात मी त्यांना नेलं. दोन जिने. लिफ्ट होती, पण "फक्त स्टाफसाठी". वर पोचून बघतो तर नानांच्या उजव्या गालावर गेरूचा ठिपका! "हाई दाढ काढानी शे. बाकीना बठ्ठा चांगला शेतस," ते म्हणाले. मी पोट धरून हसलो. आतल्या बाईंनी ओल्या कापसानं गाल लख्ख पुसला, इंग्रजी कागदावर सही घेतली आणि मला बाहेर बसवलं. अर्ध्या तासानं नाना गाल धरून आले. डावा. ठणकणारी उजवी दाढ होती तिथेच.

"तीही किडलेलीच होती, आजोबा," डॉक्टर म्हणाले. आम्हाला विचारलं होतं का, मी म्हणालो. "सही केलीय ना तुम्ही!" नानांनी एक्स-रे मागितला, आणि कोणती दाढ का काढली ते लिहून मागितलं. "पेशंटला देत नाही आम्ही." नाना रक्ताची गुळणी गिळून म्हणाले, "जबडा मना, दाढ मनी, आनि मालक तू?"

तो कागद मिळेपर्यंत कोणाही डॉक्टरपुढे तोंड उघडणार नाही, असा त्यांनी हट्ट धरला. धुळ्याचा एक भला डॉक्टर बघायला तयार होता. कागद मागणं हा तुमचा हक्क आहे, हेही त्यानंच सांगितलं. मी नानांच्या पाया पडलो. "परत न इचारता काढी टाकी तं?" म्हणाले. सात वेळा आम्ही ते जिने चढलो. कधी मशीन बंद, कधी डॉक्टर परगावी. आणि मी दर वेळी तिथे गोड बोललो... त्याची मला अजून किळस येते. ऊस सोलणारा माणूस दूधभात चोखू लागला, वाळला, आणि एका दुपारी झोपेतच गेला. दाढेनं गेले असं मी म्हणत नाही; दाढेसकट गेले, एवढं नक्की.

तेराव्यानंतर अक्काच्या सांगण्यावरून मी पुन्हा एक्स-रे मागायला गेलो. नाना वारले, म्हणालो. काउंटरवरची बाई संगणकावरची नजर न हलवता म्हणाली, "पेशंटला स्वतः यावं लागेल."

नानांच्या खिडकीत गेरूची डबी अजून आहे. वाळलेल्या गेरूत त्यांच्या बोटाचा खळगा तसाच. परवा अक्कानं ती घासायला घेतली, तर मी हातातून ओढूनच घेतली.

"पुसू नको अक्का. एकदा पुसलं, तेवढं पुरे."