सारस हिमालयातून येत नाही

आमच्या लालबागच्या चाळीच्या गणपतीत त्या वर्षी सारस पक्ष्याचा देखावा होता. मी नोकरीची बरीच वर्षं गोंदियाला काढली, तिथे सारस पाहिले, म्हणून माहिती लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मीही खुशीत हो म्हटलं. तेवढीच अक्कल.

मी खरं ते लिहिलं. महाराष्ट्रात सारस उरलाय तो पूर्वेच्या टोकाला, गोंदिया-भंडाऱ्याकडे, आणि तोही मोजकाच. तो देशोदेशी फिरणारा पक्षी नव्हे. पावसाळ्यात जोडीने भाताच्या बांधीत, म्हणजे खाचरात, घरटं करतो, उन्हाळ्यात पाणी आटलं की जवळपासच्या तलावावर जातो आणि पाऊस आला की पुन्हा तीच बांधी धरतो. माझ्या घरामागच्या जोडीची बांधी एका उन्हाळ्यात मुरूम टाकून बुजवली. पावसात दोघं आले, त्या मुरमावर काही दिवस नुसते उभे राहिले. पुढे मला ते कधी दिसले नाहीत. हेही मी लिहिलं होतं.

मंडळाच्या सेक्रेटरीने कागद वाचला. "असं रडकं नको रे. पब्लिकला जाणं-येणं पायजे. गेल्या वर्षीचा हिमालयाचा पडदा पडून आहे, तिकडे उडत जातो आणि परत येतो, असं दाखवू."

"सारस हिमालयातून येत नाही."

"कोण बघायला जातंय?"

देखाव्याचा खर्च आमची चाळ पाडायला निघालेल्या बिल्डरने उचलला होता, हे मला पहिल्या आरतीला त्याचा फलक पाहून कळलं. मग निवेदन ऐकलं. ऋतू बदलला की पक्षी न घाबरता घर सोडतात, आणि परततात तेव्हा घर पूर्वीपेक्षा सुंदर झालेलं असतं. पुठ्ठ्याचे दोन सारस तारेवरून हिमालयात गेले आणि परत आले. टाळ्या पडल्या. शेवटी भारदस्त आवाजात माझं नाव: माहिती, आपल्याच चाळीचे सुपुत्र. मी सेक्रेटरीला तिथेच गाठलं आणि नाव काढायला सांगितलं. "विसर्जनानंतर बघू," म्हणाला. त्या माणसाचा मला आजही संताप येतो.

तेव्हा चाळ रिकामी करायच्या सह्या अडल्या होत्या, आणि अडवणाऱ्यांत सगळ्यांत चिवट होती माझी वहिनी. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. भाऊ गेल्यापासून ती त्या खोलीत एकटी राहायची आणि बिल्डरची माणसं आली की दार लावून घ्यायची. गणपती गेले आणि त्याच आठवड्यात तिने सही केली. मी राहायचो दादरला; मला कळलं तेव्हा तिचं सामान हललं होतं.

आता चाळीच्या जागी पत्रे ठोकलेत, आत गवत माजलंय, काम बंद आहे. वहिनी विरारला भाड्याच्या खोलीत राहते. परवा मी चिडून विचारलंच, इतकी वर्षं कुणाला बधली नाहीस, मग तेव्हाच सही का केलीस?

"तुजा नाव आयकलंय, म्हणान केलंय," ती म्हणाली. "म्हटलंय, तू लिवलंस म्हणजे खराच असतला."