चावरा चावलाच नाही

आमच्या दिग्रसला एक सिनेमा तयार झाला आणि तो पडला, हे मी आधीच सांगून टाकते. असा पडला की दुसऱ्या दिवशी दूधवालासुद्धा माप हातात धरून मला विचारता झाला, "ताई, तो चावला काहून नाही?" त्या सिनेमाची मेकअपवाली मी. कॅमेरावालीही मीच, कारण नवऱ्या मुलींचे व्हिडिओ काढायला म्हणून मी चांगला मोबाईल घेतला होता आणि सगळ्यांचा त्याच्यावर डोळा होता. म्हणजे अर्ध्या शिव्या माझ्या वाट्याच्या. त्या मी ऐकूनही घेतल्या. पण त्या सिनेमावर माझा जीव आहे, त्याला मी काय करू?

बस स्टँडच्या मागच्या रस्त्याला माझं लेडीज पार्लर, आणि भिंतीला भिंत लागून मोटरसायकल-रिक्षांचं गॅरेज. गॅरेज बापलेकाचं. बापाला सगळी गल्ली चाचा म्हणते. गाडी गल्लीच्या तोंडाशी असतानाच नुसत्या आवाजावरून तिचं दुखणं सांगतील असे. बोलणं मोजकं, कौतुक तर जवळपास नाहीच. मुलगा पस्तिशीचा, हाताला बापासारखाच, पण डोकं सिनेमात. तो मला ताई म्हणतो. ताई म्हटलं की मला नाही म्हणता येत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक आहे, आणि त्याचा तो पुरेपूर फायदा घेतो.

पहिला भाग त्यानं दोन वर्षांपूर्वी केला. हिरो तो स्वतःच: रक्त पिणारा व्हॅम्पायर, पण भला माणूस. फक्त वाईट लोकांनाच चावणार. पहिल्याच भागात तो बोगस बियाणं विकणाऱ्या दुकानदाराला चावला, आणि काय सांगू, तालुक्यातल्या प्रत्येक शेतकऱ्याच्या मोबाईलवर तो गेला. माझ्या नवऱ्यानं तर तो चाव्याचा तुकडा दहा वेळा पाहिला. त्या वर्षी आमचंही सोयाबीन उगवलं नव्हतं. लोकांनी हिरोचं नावच 'चावरा' पाडलं. त्याच्या अंगावरचा काळा झगा म्हणजे माझ्या पार्लरमधलं, केस कापताना गिऱ्हाइकाच्या गळ्याला बांधायचं कापड होतं. त्यातल्या बारीक केसांनी तो सगळा वेळ मान खाजवत होता, आणि लोकांना ते व्हॅम्पायरचं लक्षण वाटलं.

एकाच माणसानं तो भाग पाहिला नाही. चाचांनी. "माह्या पोट्ट्याले लोकाईचं रगत पेताना मले नाही पाह्यचं," एवढंच म्हणाले आणि प्लग साफ करायला लागले. मुलगा हसला, पण मी शेजारी होते, मला त्याचं तोंड दिसलं. दुसऱ्या भागाचं ठरलं तेव्हा तो मला म्हणाला, "ताई, हा अब्बानं पाह्यला तर तिसरा करीन. नाही तर बस. मंग आपलं गॅरेज भलं." मी म्हटलं, नाटकं करू नको. पण तो नाटक करत नव्हता.

दुसऱ्या भागाला पहिल्या दिवसापासून दृष्ट लागली. पहिल्या भागातली हिरोईन लग्न होऊन बाभुळगावला गेली आणि सासरच्यांनी तिला हात जोडून नको म्हटलं, म्हणून हिरोईनच काढून टाकली. व्हिलन या वेळी ट्रान्सफॉर्मरमधलं तेल चोरणारा होता. ते काम करणारा मास्तर, शाळा मुकुटबनला. एसटीनं यायचा, गाडी चुकली की येतच नसे. सुळे पहिल्या भागात डब्याच्या झाकणातून कापलेले होते. या वेळी चावऱ्यानं कवळ्या बनवणाऱ्याकडून खास करून घेतले. इतके घट्ट बसले की ते लावून बोलताना त्याची थुंकी माझ्या मोबाईलवर उडायची.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे हे सगळं रमजानात. ईदला सिनेमा दाखवायचा हे त्याच्या डोक्यात बसलेलं, आणि रमजानात गॅरेज दुपारनंतर बंद, म्हणून वेळही मोकळा. आता चावायचं म्हणजे तोंडातून रक्त यायला हवं. रक्त म्हणजे मी आटवलेलं गुलाबाचं सरबत. रोज्यात ते तोंडात कसं धरणार? मी आपली बावळटासारखी म्हणाले, गिळू नको, नुसतं धर. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा तो विषय काढला नाही. थुंकीसुद्धा जपून गिळणारा माणूस तो. म्हणून दिवसभर नुसतं बोलणं आणि पळणं काढायचं, आणि चावणं मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या अजाननंतर. अजान झाली की रोजा सोडायचा, नमाज, तोवर उजेड गेलेला. अंधारात माझा मोबाईल नुसते मुंग्यांसारखे ठिपके दाखवायचा. सूर्य मावळायची वाट पाहणारे दोघं, रोजेदार आणि व्हॅम्पायर, एकाच अंगात होते, आणि दोघांनाही त्याच पाच मिनिटांत तोंड उघडायचं होतं.

तरी एक दिवस चावायचं ठरलं. जागा जिनिंगची, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याची. आवारात कापसाचे हे एवढे ढीग, पांढरेशुभ्र, आणि चावरा भिंतीवरून झग्यासकट त्यात उडी मारणार. उडी झकास झाली. पण त्याच्या हातातली सरबताची बाटली फुटली आणि ढिगावर हातभर लाल डाग पडला. कापसाला रंग लागला म्हणजे काय, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही कळतं; एक लाल मूठ आत गेली तर अख्खी गासडी बाद. जिनिंगचे शेठ धावत आले. त्या दिवशी त्यांनी आमच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मास्तर तर तेलचोराच्या वेषातच पळाला. आम्ही बसून डागाळलेला कापूस वेचून पोत्यात भरला, आणि चावरा रोज्याच्या कोरड्या तोंडानं "माफ करा शेठ, माफ करा शेठ" करत राहिला. मला इतका राग आला होता की दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही.

तिसऱ्या दिवशी मीच शेठच्या घरी गेले. त्यांच्या मुलीचं लग्न जवळ आलं होतं आणि नवरीचा मेकअप माझ्याकडे होता. मी काही बोलले नाही, फक्त तारखांची वही उघडून बसले. शेठ समजले. म्हणाले, एक संध्याकाळ देतो, सरबत कापसापासून दूर, आणि पुन्हा तोंड दाखवू नका.

त्या संध्याकाळी आम्ही तासभर आधी जाऊन सगळं जुळवून ठेवलं. मास्तर भिंतीला पाठ लावून उभा, मानेवर मी खूण केलेली. चावरा सुळे लावून तयार. माझ्या पिशवीत सरबत. ठरलं असं की अजान होताच तो घोटभर पाणी पिऊन रोजा सोडेल, लगेच सरबत तोंडात घेईल आणि चावेल. उजेड उरतो तेवढ्यात. मी मोबाईलचं रेकॉर्डिंग आधीच चालू करून ठेवलं होतं, एक क्षणही जायला नको म्हणून.

अजान झाली, आणि फाटकातून चाचा आत आले.

पांढरा इस्त्रीचा कुर्ता, डोळ्यांत सुरमा, हातात कागदाची पुडी आणि पाण्याची बाटली. मला वाटलं, मशिदीत आज काही खास असेल. फाटकात थांबून त्यांनी टोपी नीट केली, कुर्त्यावरचा कापूस झटकला आणि सरळ आमच्या मधोमध आले. मास्तराकडे, माझ्याकडे पाहिलंही नाही. पुडीतला खजूर काढून मुलासमोर धरला. "आ कर."

"अब्बा, काम चालू हाय."

"रोजा पहिले. काम मंग."

हा एवढा दांडगा माणूस, काळा झगा, पांढरं फटक तोंड. त्यानं निमूटपणे सुळे काढून तळहातावर ठेवले आणि तोंड उघडलं. चाचांनी खजूर भरवला, मग स्वतः एक खाल्ला. दोघं एकाच बाटलीतलं पाणी प्यायले. घाई अशी कसलीच नाही. चाचांनी त्याच्या हनुवटीवरचा माझा रंग अंगठ्यानं पुसला, काय फासलं हे, असं काहीतरी पुटपुटले, आणि आले तसे निघून गेले. वर पाहिलं तर उजेड गेला होता.

मी संतापले. माझ्या तोंडून काय काय निघालं ते इथं लिहीत नाही. त्यानं सुळे पुसून डबीत ठेवले. मुळात चाव्यासाठीच बेतलेला सिनेमा, आणि त्यात चावणंच नाही. शेवटी तेलचोर पळताना पाय घसरून पडतो आणि शरण येतो, असं काहीतरी आधीच्या तुकड्यांतून जुळवलं. खजूर भरवतानाचा तुकडा त्यानं सिनेमातून काढून टाकला. मला म्हणाला, पुसून टाक. मी हो म्हटलं आणि पुसला नाही.

ईदच्या दुसऱ्या दिवशी, दिवेलागणीला, गॅरेजच्या भिंतीवर सिनेमा लावला. प्रोजेक्टर गणपती मंडळाचा. शिरखुर्मा खाऊन गल्ली जमली होती, शेताकडची माणसं मोटरसायकलींवर आली होती. पहिली दहा मिनिटं शिट्ट्या. मग कुजबुज. मग एकजण ओरडला, "अबे चाव ना!" आणि सगळे सुरू झाले. "दात कायले लावले मंग?" "हा तं भाषण देऊन राह्यला!" "पह्यलाच लाव बे, पह्यला!" तेलचोर घसरून पडला तेव्हा तर लोक इतके हसले की मास्तरानं एसटीची वेळ विचारली. माणसं उठायला लागली. चावरा माझ्या पार्लरच्या पायरीवर बसला होता. सुळ्यांची डबी त्यानं माझ्या हातात दिली. "फेकून दे ताई. अब्बा आलेच नाही." मला रडू आलं, खोटं कशाला बोलू.

पण त्याला ठाऊक नव्हतं की त्या फाइलच्या शेवटी मी खजूर जोडला होता. रोज नवऱ्या मुलींचे व्हिडिओ जोडते, मला काय अवघड. नावं संपली आणि भिंतीवर चाचा आले. टोपी नीट केली, कुर्ता झटकला. आ कर. उठलेली माणसं तशीच उभी राहिली. चावऱ्यानं सुळे काढून हातावर ठेवले तेव्हा कुणीतरी हसलं, आणि लगेच गप्प झालं. मग एक शिट्टी, मग पुष्कळ. मी लोकांकडं पाहत होते, तर माझ्याकडं रागानं पाहत पायरीवरून उठून तो निघून गेला. बापाचा तमाशा केला, असं त्याला वाटलं असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी पार्लरच्या पडद्याबाहेर कुणी खाकरलं. चाचा होते. आत येत नाहीत ते. मी बाहेर गेले आणि आधीच माफी मागायला लागले, की तुम्हाला न विचारता तुम्हाला दाखवलं, तुम्हाला कुठं माहीत होतं मोबाईल चालू आहे ते.

"मले दिसत होतं चालू हाय," चाचा म्हणाले.

मी स्टूल पुढं केलं, ते बसले नाहीत.

"काल तिकडं पानठेल्याच्या मागं उभा होतो. सारा पाह्यला. खराब हाय." मग रस्त्याकडं पाहत म्हणाले, "बेटी, मले माहीत नसतं, तं ईदचा कुर्ता म्या आठ दिस आधी कायले घातला असता? पोट्ट्याले सांगू नको."

ते गेले. माझ्या पोटात गोष्ट राहत नाही, हे गल्लीला माहीत आहे, चाचांनाही असणारच. मी टेबलाच्या खणातून सुळ्यांची डबी काढली आणि गॅरेजात गेले. तो एका रिक्षाखाली उताणा पडून काम करत होता, नुसते पाय दिसत होते. काल रागावलेला, त्यामुळे बाहेर आला नाही. मी तिथंच उभी राहून सगळं सांगितलं, पानठेला, कुर्ता, सगळं. पान्याचा आवाज थांबला. मग रिक्षाखालून ग्रीसनं माखलेला एक हात बाहेर आला आणि उघडला. मी त्यावर डबी ठेवली.