साडेदहा मिनिटांचं दुःख

मिक्केली गावच्या वाचनालयात दर गुरुवारी दुपारी चार वाजता श्रवणमंडळ भरायचं. सात-आठ माणसं, एक रेकॉर्ड, थर्मासभर कॉफी आणि वेलदोड्याचे गोड पाव. रेकॉर्ड अर्धा तास चालायची आणि वाद दीड तास. हेल्वी रासी या मंडळात आली ती निवृत्त झाल्यावर. तळ्याकाठच्या लाकडी चर्चची देखभाल तिनं एकोणचाळीस वर्षं केली होती. किल्ल्या सांभाळल्या, फरशी पुसली, पायऱ्यांवरचा बर्फ उपसला. आपल्याला संगीतातलं काही कळत नाही, असं तिनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, आणि मंडळानं त्यावर ताबडतोब विश्वास ठेवला.

मंडळात बोलायचं काम दोघांकडे होतं. एक आह्ती लेहतोवारा, निवृत्त हेडमास्तर. दुसरी राइली सोहलमान, दातांची डॉक्टर. दोघांचं कशावरही एकमत होत नसे, आणि बसत मात्र शेजारी शेजारी. वर्षातून तीनदा तरी ते वार्तियांच्या रेकॉर्डवर यायचे.

टाउनो वार्तिया म्हणजे देशातले नामांकित व्हायोलिनवादक. १९७१च्या फेब्रुवारीत त्यांनी एका कॉन्चेर्तोचं रेकॉर्डिंग केलं होतं. मागे ऑर्केस्ट्रा घेऊन एकट्या व्हायोलिननं वाजवायची ती तीन भागांची मोठी रचना. दुसरा भाग इतर वादक आठ मिनिटांत संपवतात, वार्तियांना साडेदहा लागली. तिसऱ्याला सात मिनिटं लागतात, तो त्यांनी सहाच्या आत उरकला. एवढ्या भांडवलावर दोन पिढ्यांचे रसिक भांडत आले होते. रेकॉर्डिंग झालं होतं हेल्वीच्या चर्चमध्ये. तसं वेष्टनावर छापलेलंही होतं. पण ती बाई समोरच बसलीय, तिला एकदा विचारावं, हे तीन वर्षांत कुणाच्या डोक्यात आलं नाही.

"लय नाहीच ही," राइली म्हणायची. "माणूस एकेका सुरावर तंबू ठोकून बसलाय. स्वतःच्या आवाजाच्या प्रेमात पडला की असं होतं."

"त्या हिवाळ्यात त्यांची आई गेली," आह्ती शांतपणे म्हणायचे. "आईला निरोप देणारा माणूस घड्याळ बघत नाही. आणि हे बघ, हेल्वीकडे बघ."

हेल्वी त्या वेळी रुमालानं डोळे पुसत असायची. दुसरा भाग लागला की दर वेळी तिला रडू यायचं. आह्तींचा तो हुकमी पुरावा होता. संगीतातलं ओ की ठो न कळणारी बाईसुद्धा रडते, म्हणजे दुःख खरंच आहे. यावर राइली आणखी एक पाव उचलायची.

तीन वर्षं हेल्वी पुरावा म्हणून बसली. २०१२च्या जानेवारीत मात्र राइली जरा जास्तच बोलली.

"आणि हा तिसरा भाग. कुत्रं मागे लागल्यासारखा पळतोय. भावना नाही, काही नाही, नुसती बोटांची कसरत."

"ते दुःखापासून पळणं आहे," आह्ती म्हणाले. "आई गेल्यावर माणूस..."

"त्यांची आई गेली नव्हती," हेल्वी म्हणाली. "तिथेच होती ती. डबा घेऊन आली होती."

कुणीतरी कप खाली ठेवला. मग हेल्वीनं जमेल तसं सांगितलं. बाहेर उणे सव्वीस होतं. चर्चमध्ये गरम हवा सोडणारा पंखा घरघरायचा, आणि ती घरघर माइकमध्ये यायची, म्हणून रेकॉर्डिंगवाल्यांनी तो बंद करायला लावला. रेकॉर्डिंगच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आठला तिनं बॉयलर विझवला. दहा वाजता वादकांच्या तोंडातून वाफ निघायला लागली. वार्तियांचे हात शेकायला ती गरम पाण्याची बादली घेऊन वर गेली, तेव्हा ते ऑर्केस्ट्राच्या संचालकाला सांगत होते, "बोटं वळत नाहीत माझी. हळू घ्या, नाहीतर मी सूर सोडणार." तसा दुसरा भाग झाला. पाऊण वाजता ती पुन्हा वर गेली आणि म्हणाली, दोनला अंत्यविधी आहे, शवपेटी सव्वाला येईल, एकच्या ठोक्याला मला खुर्च्या उचललेल्या दिसल्या पाहिजेत. तिसरा भाग तेव्हा व्हायचाच होता.

मग आह्तींनी विचारलं, "प्रत्यक्ष वाजवताना तू ऐकलंस?"

"नाही, हेडमास्तर. मी खाली तळघरात होते. कुणी बॉयलर पेटवू नये म्हणून."

"मग झालं तर," आह्ती म्हणाले. "तू बादली पाहिलीस. त्यांच्या मनात काय होतं, ते बादलीत कसं दिसणार?"

राइलीलाही ही हकिकत पसंत पडली नाही. वार्तिया आत्मप्रेमी आहेत हा तिचा सिद्धांत तीस वर्षांचा होता, आणि गारठलेल्या बोटांत आत्मप्रेम बसेना. "थंडी वाजली म्हणून लय घसरली, म्हणजे हात कच्चा," तिनं निकाल दिला. आयुष्यात पहिल्यांदा दोघांचं एकमत झालं. हेल्वीचं काही धरायचं नाही.

एप्रिलमध्ये वाचनालयानं खुद्द वार्तियांनाच बोलावलं. दालन भरून गेलं. बहात्तर वर्षांचा उंच, वाकलेला माणूस, हातात गज नसला तरी बोटं तशीच धरलेली. आह्तींनी दुसऱ्या भागाच्या लयीबद्दलचा प्रश्न लिहून आणला होता आणि तो उभं राहून वाचला. वार्तियांनी क्षणभर डोळे मिटले.

"त्या हिवाळ्यात माझी आई गेली," ते म्हणाले. "मी तिच्यासाठीच वाजवत होतो."

आह्तींनी मागे वळून शेवटच्या रांगेतल्या हेल्वीकडे पाहिलं. विजयानं नव्हे, मोठ्या मनानं. ते तिला जास्त लागलं.

कार्यक्रम संपल्यावर ती कोट ठेवायच्या खोलीच्या दाराशी जाऊन उभी राहिली. वार्तिया आले तसं म्हणाली, "तुमच्या आईच्या डब्यातलं राय धान्याच्या काळ्या पावाचं सँडविच मी खाल्लंय. वर मुरवलेली काकडी होती."

वार्तियांनी तिच्याकडे निरखून पाहिलं. "बादलीवाल्या बाई," ते म्हणाले, आणि बाकावर बसले. कोटाची एकच बाही चढवलेली होती.

"खोटं कशाला सांगता?"

"आधी खरंच सांगत होतो. थंडी होती म्हणायचो. लोक हसायचे आणि लिहून घ्यायचे नाहीत. मग एकानं छापलं की आई गेली. दुसऱ्यानं त्याचं वाचून छापलं. मी दोनदा नाही म्हटलं, तर म्हणाले, किती हळवे आहेत, अजून त्याबद्दल बोलवत नाही."

"आणि आईला काय वाटलं?"

"तिला माझी कात्रणं जपायची सवय होती. स्वतःच्या मरणाचंही तिनं वहीत चिकटवलं, खाली तारीख घालून. त्र्याण्णव वर्षं जगली." ते हेल्वीकडे वळले. "तुम्ही रेकॉर्ड ऐकता?"

"ऐकते. दुसऱ्या भागाला रडते. थंडी होती हे ठाऊक असूनही. का, ते कळत नाही."

"मलाही कळत नाही. वाजवताना बोटं दुखत होती, तेवढंच आठवतं. पण आता ऐकलं की वाटतं, याचं नक्की कुणीतरी गेलंय." मग त्यांनी सहज विचारलं, "त्या दिवशी अंत्यविधी होता कुणाचा?"

"गिरणीतल्या एका म्हातारीचा. तिचं कुणी नव्हतं. पाद्री, मी आणि पेटी उचलणारे चौघे. तुम्ही सगळे गरम सूप प्यायला हॉटेलात गेलात. तुमची आई दारातून परत फिरली. म्हणाली, अख्खा बाक रिकामा बरा दिसत नाही. पहिल्या रांगेत बसली, शेवटपर्यंत. प्रार्थनागीत गायला आम्ही दोघीच होतो, आणि माझा आवाज असा घोगरा."

आई दुकानात गेली होती असं तिनं आपल्याला सांगितलं होतं, एवढंच वार्तिया म्हणाले. हेल्वीनं दुसरी बाही धरली, त्यांनी हात घातला. वाचनालयाची गाडी त्यांना न्यायला आली.

हेल्वीनं मंडळात यातलं काही सांगितलं नाही. आह्तींनी पुढचे सहा गुरुवार आईवर काढले आणि ती कॉफी ओतत राहिली.

शरद ऋतूत रेडिओवर वार्तियांची लांबलचक मुलाखत झाली. लय आणि दुःखाचा प्रश्न आलाच. वार्तिया म्हणाले, आई त्या वेळी जिवंत होती, मी उगाच सांगत आलो, दुःख-बिःख काही नव्हतं, पंखा बंद होता आणि थंडी होती. मुलाखतकार मनापासून हसला. पुढच्या गुरुवारी आह्ती ती मुलाखत टेपवर घेऊन आले. मंडळानं ती दोनदा ऐकली.

"बघा," आह्ती टेप थांबवत म्हणाले, "एवढा मोठा माणूस, आणि किती नम्र."

राइलीनं मान डोलावली. नम्रपणाचं सोंग त्यांना पहिल्यापासूनच छान जमतं, ती म्हणाली. झालं, वाद सुरू झाला.